व्यापारचिन्हाचा व्यापारातील वापर आणि लोकवर्गणीतील उत्पादने

व्यापारचिन्हाचा व्यापारातील वापर ही व्यापारचिन्हविषयक कायद्यातील, विशेषतः अमेरिकेच्या कायद्यातील, एक मूलभूत संकल्पना होय. एखादे नाव, बोधचिन्ह किंवा अक्षररचना सुचली, रंगविली अथवा जाहीर केली एवढ्यावरून ती कोणाच्या मालकीची होत नाही. त्या चिन्हाखाली माल विकला गेला वा रवाना झाला, किंवा सेवा प्रत्यक्ष दिली गेली, म्हणजे त्यावर हक्क निर्माण होतो, असे या संकल्पनेचे सार आहे. लोकवर्गणीतून, म्हणजेच क्राउडफंडिंगमधून, तयार होणाऱ्या उत्पादनांमुळे एकविसाव्या शतकात या संकल्पनेपुढे एक नवा पेच उभा राहिला. अशा उत्पादनाचे नाव हजारो लोकांच्या तोंडी झालेले असते, त्या नावावर लक्षावधी डॉलर गोळा झालेले असतात, पण वस्तू अद्याप अस्तित्वात आलेली नसते. ती वर्षभराने येते, कधी येतच नाही. मधल्या काळात ते नाव कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या देशांच्या कायद्यांनी निरनिराळे दिले आहे.

संज्ञा

ट्रेडमार्क या शब्दासाठी मराठीत व्यापारचिन्ह हा प्रतिशब्द रूढ आहे. मालाप्रमाणेच सेवांची चिन्हेही त्यात येतात. भारतात सेवांच्या चिन्हांना नोंदणीची सोय मात्र १९९९च्या अधिनियमानेच प्रथम झाली.

वर्गणी हा शब्द मराठी वाचकाला सार्वजनिक गणेशोत्सवापासून परिचित आहे. त्या वर्गणीच्या बदल्यात देणाऱ्याला प्रसादापलीकडे काही मिळावयाचे नसते. श्याम बेनेगल दिग्दर्शित 'मंथन' (१९७६) या हिंदी चित्रपटासाठी गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, तीही अशीच लोकवर्गणी होती. प्रस्तुत विषयात अभिप्रेत असलेला प्रकार याहून वेगळा आहे. त्यात वर्गणीदाराला त्याच्या रकमेच्या बदल्यात ते उत्पादनच पुढे मिळणार असते. मराठी ग्रंथव्यवहारातील प्रकाशनपूर्व सवलतीची नोंदणी या प्रकाराच्या अधिक जवळची आहे. फरक एवढाच की, प्रकाशनपूर्व नोंदणीच्या वेळी ग्रंथ बहुधा लिहून झालेला असतो; लोकवर्गणीच्या मोहिमेत मात्र प्रवर्तकाजवळ अनेकदा एखाद-दुसरा कामचलाऊ नमुना आणि एक चित्रफीत यापलीकडे काही नसते.

इंडिगोगो हे संकेतस्थळ २००८ साली, तर किकस्टार्टर हे २८ एप्रिल २००९ रोजी सुरू झाले. किकस्टार्टरवर मोहिमेचे उद्दिष्ट ठराविक मुदतीत गाठले गेले तरच वर्गणीदारांच्या खात्यातून रक्कम घेतली जाते. अन्यथा कोणाकडूनही काही घेतले जात नाही. आपले संकेतस्थळ म्हणजे दुकान नव्हे, असे किकस्टार्टरने सप्टेंबर २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले आणि उत्पादनांच्या केवळ कल्पित संगणकचित्रांवर बंदी घातली. ही भूमिका वर्गणीदारांना सावध करण्यासाठी होती. व्यापारचिन्हाच्या दृष्टीने मात्र तिचा एक अनपेक्षित परिणाम संभवतो. दुकान नाही तर विक्री नाही आणि विक्री नाही तर वापर कुठला, असा युक्तिवाद प्रतिपक्षाच्या हाती आयता येतो.

अमेरिकेतील पार्श्वभूमी

अमेरिकेत व्यापारचिन्हाचा हक्क वापरातूनच का निर्माण होतो, याचे कारण त्या देशाच्या राज्यघटनेत आहे. तेथील संसदेने १८७० साली व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा पहिला संघीय कायदा केला. १८७९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. शोध लावणाऱ्यांना व लेखकांना संरक्षण देण्याचा अधिकार घटनेने संसदेस दिला आहे. पण व्यापारचिन्ह हा शोधही नव्हे आणि लेखनही नव्हे, त्याला नावीन्याची वा प्रतिभेची गरज नसते, ते वापराने आपलेसे होते, असे न्यायालयाने म्हटले. राहता राहिला तो राज्याराज्यांतील व परदेशांशी चालणाऱ्या व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार. त्यानंतरचा प्रत्येक संघीय कायदा या व्यापाराच्या अधिकारावरच उभा आहे. म्हणूनच तेथे नुसता 'वापर' नव्हे, तर 'व्यापारातील वापर' ही अट आली.

सध्या लागू असलेला कायदा टेक्सासचे लोकप्रतिनिधी फ्रिट्झ लॅनहॅम यांच्या नावाने लॅनहॅम कायदा म्हणून ओळखला जातो. तो ५ जुलै १९४६ रोजी मंजूर झाला. या कायद्यानुसार नोंदणीचा अर्ज करण्यापूर्वीच चिन्ह वापरात असणे आवश्यक होते. यातून एक पळवाट निघाली. एखादे नाव राखून ठेवावयाचे असेल तर कंपन्या त्या नावाची लेबले चिकटवून चार-दोन खोकी दुसऱ्या राज्यात पाठवीत आणि तेवढ्यावर नोंदणी मिळवीत. न्यायालयेही पुष्कळदा असा नाममात्र वापर चालवून घेत. प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीने तर अशी राखीव नावे जिवंत ठेवण्यासाठी दरवर्षी मोजकेच नग पाठविण्याची व्यवस्थाच लावली होती. १९७९ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने हा प्रामाणिक वापर नव्हे, असा निर्णय दिला.

१६ नोव्हेंबर १९८९ पासून अमलात आलेल्या सुधारणेने दोन बदल केले. वापराची व्याख्या कडक करून, तो व्यापाराच्या नित्यक्रमात सद्भावाने केलेला असावा, केवळ हक्क राखून ठेवण्यासाठी नसावा, असे स्पष्ट करण्यात आले. दुसरीकडे, चिन्ह वापरण्याचा प्रामाणिक इरादा असलेल्या व्यक्तीस वापरापूर्वीच अर्ज करण्याची मुभा मिळाली. लोकवर्गणीच्या मोहिमा त्या वेळी स्वप्नातही नव्हत्या. पण पुढे त्यांना खरा आधार या दुसऱ्या तरतुदीचाच झाला.

वापर कशाला म्हणावे

मालाच्या बाबतीत कायद्याच्या दोन अटी आहेत. चिन्ह मालावर, वेष्टनावर, लेबलावर अथवा विक्रीच्या जागी मालासोबत मांडलेल्या फलकावर असले पाहिजे, आणि तो माल विकला गेला अथवा रवाना झाला पाहिजे. सेवेच्या बाबतीत जाहिरातीत चिन्ह असणे पुरते. मात्र ती सेवा प्रत्यक्ष दिली गेलेली असली पाहिजे.

या अटींचा अर्थ सर्वांत स्पष्टपणे उलगडून दाखविणारा खटला म्हणजे ब्लू बेल विरुद्ध फराह (१९७५). दोन वस्त्रोत्पादक कंपन्यांना १९७३च्या उन्हाळ्यात, परस्परांना पत्ता नसताना, पुरुषांच्या कपड्यांसाठी 'टाइम आउट' हे एकच नाव सुचले. फराहने ३ जुलै रोजी आपल्या बारा विभागीय विक्री व्यवस्थापकांना नव्या विजारींपैकी एकेक विजार पाठविली. ब्लू बेलने ५ जुलै रोजी दुसऱ्याच नावाने विकल्या जाणाऱ्या आपल्या जुन्या कपड्यांना 'टाइम आउट'च्या काही शे जादा पट्ट्या लावून तो माल गिऱ्हाइकांकडे धाडला. दोघांनीही पहिलेपणाचा दावा केला. अपील न्यायालयाने दोन्ही तारखा नाकारल्या. स्वतःच्याच नोकरांना माल पाठविणे ही घरातल्या घरातली हालचाल झाली, ती व्यापार नव्हे. आणि जुन्या मालावर नवी पट्टी चिकटविण्यात त्या नावाने गिऱ्हाइकाला काही ओळखून देण्याचा सद्भाव नव्हता. नव्या नावाचा खरा नवा माल गिऱ्हाइकांकडे फराहने सप्टेंबरात आणि ब्लू बेलने ऑक्टोबरात रवाना केला होता. नाव फराहचे ठरले. अवघ्या काही आठवड्यांचा फरक निर्णायक ठरला आणि तो कल्पनेच्या तारखेवरून नव्हे, तर रवानगीच्या तारखेवरून मोजला गेला.

कारखानदाराकडून मालकाकडे झालेली पाठवणीही वापरात धरली जात नाही, असे अव्हाकॉफ विरुद्ध सदर्न पॅसिफिक (१९८५) या प्रकरणात ठरले. लोकवर्गणीतील प्रवर्तक बहुधा दुसऱ्याच्या कारखान्यात, पुष्कळदा परदेशात, माल बनवून घेतो. कारखान्याकडून पहिली पेटी हाती आल्याचा दिवस त्याच्या दृष्टीने सोहळ्याचा असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो साधा दिवस असतो.

सेवांच्या बाबतीत दोन निर्णय महत्त्वाचे आहेत. पहिला एअरफ्लाइट प्रकरणाचा (२००९). हवाई टॅक्सीचालक व प्रवासी यांची गाठ घालून देणारी सेवा काढण्याचे एका गृहस्थाने १९६०च्या दशकाअखेर ठरविले, जाहिराती केल्या, चालकांशी करारही केले आणि १९७४ मध्ये नोंदणी मिळविली. सेवा चालण्यासाठी त्याच्या अंदाजाने किमान तीनशे चालक हवे होते. मिळाले सुमारे बारा. एकाही प्रवाशाची सोय कधी झाली नाही. पस्तीस वर्षांनी न्यायालयाने ती नोंदणी मुळापासूनच निरर्थक ठरविली, कारण तयारी म्हणजे वापर नव्हे. उद्दिष्ट न गाठलेल्या लोकवर्गणीच्या मोहिमेशी या हकिकतीचे साम्य लक्षात येण्यासारखे आहे. दुसरा निर्णय कूटुअर विरुद्ध प्लेडम (२०१५) हा. अर्जदाराने २००८ मध्ये लेखन व निर्मितीसेवा देऊ करणारे एक पानी संकेतस्थळ पुरावा म्हणून जोडले होते. त्याचे पहिले काम २०१० मध्ये झाले. सेवा देऊ करणे आणि सेवा देणे या दोन वेगळ्या गोष्टी असून अर्जाच्या दिवशी दुसरी घडलेली नव्हती, म्हणून ही नोंदणीही प्रारंभापासून रद्दबातल ठरली. येथे अर्जदाराने लबाडी केली होती की नाही, हा प्रश्नच उद्भवला नाही. लबाडी सिद्ध करण्यासाठी फसवणुकीचा हेतू दाखवावा लागतो. वापर नव्हता हे दाखविण्यास हेतूची गरज नसते.

वापर खरा असेल तर तो किती लहान असावा याला मात्र जवळजवळ मर्यादा नाही. इलिनॉय राज्यातील एका चर्चने शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात राहणाऱ्या एका व्यक्तीला २००५ मध्ये ३८ डॉलर ३४ सेंटला दोन टोप्या विकल्या होत्या. आदिदास कंपनीने त्या चर्चच्या चिन्हाला आव्हान दिले असता, त्या दोन टोप्यांची विक्री हा व्यापारातील वापरच होय, असे २०१६ साली न्यायालयाने मान्य केले. विक्री झालीच पाहिजे असेही नाही. इंटरनेटवरून विनामूल्य वाटलेल्या कूलमेल या संगणकप्रणालीच्या नावावरचा हक्क २००१ साली एका अपील न्यायालयाने मान्य केला, कारण ती प्रणाली लोकांपर्यंत खरोखर पोचली होती व ते ती त्या नावाने ओळखत होते.

लोकवर्गणीच्या मोहिमेतील नेमका क्षण

पेबल हे मनगटी घड्याळ या विषयातील सर्वाधिक बोलके उदाहरण आहे. ११ एप्रिल २०१२ रोजी किकस्टार्टरवर त्याची मोहीम सुरू झाली. उद्दिष्ट एक लाख डॉलरचे होते. १८ मे रोजी मोहीम संपली तेव्हा ६८,९२९ वर्गणीदारांकडून एक कोटी दोन लाखांहून अधिक डॉलर जमले होते. घड्याळे त्याच वर्षीच्या सप्टेंबरात देण्याचे वचन होते. ती जानेवारी २०१३ मध्ये रवाना होऊ लागली.

हा घटनाक्रम वरील निकषांवर लावून पाहिला म्हणजे पेच ध्यानात येतो. एप्रिलमध्ये नाव जगजाहीर झाले, पण ती जाहिरात होती. मे महिन्यात पैसे घेतले गेले. परंतु ज्या वस्तूबद्दल ते घेतले ती बनलेलीच नव्हती, आणि मालावर वा वेष्टनावर चिन्ह असण्याची अट तर पुरी होणे शक्यच नव्हते. कारखान्यातील चाचण्या, प्रमाणपत्रे, नमुन्यांची ने-आण यांतील काहीच व्यापारात मोडत नाही. अंतर्गत वर्तुळाबाहेरच्या माणसाकडे चिन्हांकित घड्याळ निघाले तो जानेवारी २०१३ मधील दिवस हाच निर्विवाद वापराचा दिवस. म्हणजे नाव प्रसिद्ध होणे आणि नावाचा वापर होणे यांत नऊ महिन्यांचे अंतर पडले. या अंतरात दुसऱ्या कोणी त्याच नावाची घड्याळे बाजारात आणली असती, तर केवळ वापराच्या बळावर तो पहिला ठरू शकला असता.

ही भीती काल्पनिक नाही. २०१६ मध्ये १,५४,९२६ वर्गणीदारांनी पाठिंबा दिलेल्या फिजेट क्यूब या बोटांच्या चाळ्यांसाठीच्या लहानशा खेळण्याच्या नकला मूळ वस्तू वर्गणीदारांच्या हाती पडण्यापूर्वीच बाजारात विकल्या जाऊ लागल्या होत्या. मोहिमेच्या पानावर वस्तूची रचना, चित्रे, किंमत आणि मागणीचा अंदाज हे सारे नक्कल करणाऱ्याला फुकट मिळते. शिवाय त्या नावात दुसरा एक दोष होता. चाळे करण्याचा ठोकळा असे वस्तूचे वर्णनच ज्या नावात आहे, त्याला चिन्ह म्हणून संरक्षण मिळणे सर्वत्र अवघड असते.

इराद्यावर आधारित अर्ज

अमेरिकेत या अंतरावरचा प्रमुख उपाय म्हणजे मोहीम जाहीर होण्याच्या आधीच इराद्याच्या आधारे अर्ज दाखल करणे. पुढे नोंदणी झाली तर अर्जाची तारीख हीच वापराची तारीख असल्याचे कायदा मानतो, आणि मधल्या काळात घुसलेला प्रतिस्पर्धी मागे पडतो. अर्ज तपासून आक्षेपांची मुदत संपली की कार्यालय मंजुरीची सूचना देते. त्यानंतर सहा महिन्यांत प्रत्यक्ष वापराचे शपथपूर्वक निवेदन व नमुना सादर करावा लागतो. ही मुदत सहा-सहा महिन्यांनी, एकूण छत्तीस महिन्यांपर्यंत वाढवून मिळते. तीन वर्षांत वस्तू निघाली नाही तर अर्ज बाद होतो.

या वाटेवर घाई करणारे अडखळतात ते दोन ठिकाणी. मोहिमेचे पान वापराचा नमुना म्हणून जोडून, माल निघण्याआधीच वापर झाल्याची शपथ घेणे ही पहिली चूक. अशी नोंदणी मिळाली तरी ती ठिसूळ असते. २०२० साली मंजूर झालेल्या व डिसेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या सुधारणेनुसार, वापर नसताना घेतलेल्या नोंदणीविरुद्ध कोणालाही कमी खर्चात कार्यालयाकडे अर्ज करता येतो. दुसरी चूक हस्तांतरणाची. वापराचे निवेदन दाखल होण्यापूर्वी असा अर्ज दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. अपवाद फक्त चालू धंदाच ज्याच्याकडे जातो त्याचा. नावांची साठेबाजी होऊ नये हा यामागील हेतू. एका कंपनीने कर्जापोटी आपला असा अर्ज बँकेच्या नावे केला आणि त्यापायी पुढे मिळालेली नोंदणी, क्लोरॉक्स या कंपनीने आव्हान दिल्यावर, १९९६ साली रद्द झाली. अशा स्थितीत गुंतवणूकदाराच्या आग्रहावरून घाईने कागद करणारे नवखे प्रवर्तक फसले तर नवल नाही.

वापरसदृश प्रसिद्धी

अर्ज केलेलाच नसेल तर? अशा वेळी अमेरिकेतील वापरसदृश प्रसिद्धीचे तत्त्व काही अंशी उपयोगी पडते. जाहिराती, वृत्तपत्रांतील बातम्या, माहितीपत्रके यांच्याद्वारे एखादे नाव संभाव्य ग्राहकांच्या मनात खरोखर ठसले असेल आणि पुढे वाजवी काळात प्रत्यक्ष वापर सुरू झाला असेल, तर प्राधान्य मोजताना त्या प्रसिद्धीची तारीख धरता येते. तिच्या बळावर नोंदणी मात्र मिळत नाही; दुसऱ्याची नोंदणी अडविता येते. टी.ए.बी. सिस्टिम्स विरुद्ध पॅकटेल टेलिट्रॅक (१९९६) या प्रकरणात न्यायालयाने ही कसोटी कडक केली. काही बातम्या छापून आल्या एवढे पुरेसे नाही, संभाव्य ग्राहकवर्गाच्या लक्षणीय भागावर परिणाम झालेला असला पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. लोकवर्गणीच्या मोहिमेत वर्गणीदारांची संख्या नेमकी नोंदलेली असते, ही या कसोटीच्या दृष्टीने मोठी सोय म्हणावी लागेल. बातमी किती जणांनी वाचली हे सांगता येत नाही. अडुसष्ट हजार जणांनी पैसे दिले हे सांगता येते.

बाल्टिमोरच्या कॅमडेन यार्ड्स या बेसबॉल मैदानाचे प्रकरण याच जातीचे आहे. मैदान एप्रिल १९९२ मध्ये खुले झाले. त्यापूर्वी, जुलै १९९१ पासून, एका विक्रेत्याने त्या नावाचे सदरे विकण्यास सुरुवात केली होती, आणि मालावरचा पहिला वापर आपला, असे त्याचे म्हणणे होते. मैदान बांधणाऱ्या सार्वजनिक संस्थेने त्या नावाची आधीपासून इतकी प्रसिद्धी केली होती की लोकांच्या मनात नाव मैदानाशीच जोडले गेले होते, असे सांगून न्यायालयाने विक्रेत्याचा दावा फेटाळला.

भारतातील स्थिती

भारतात सध्या व्यापार चिन्ह अधिनियम, १९९९ लागू असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाचे मुख्यालय मुंबईस आहे. भारतीय कायद्याची रचना या प्रश्नी अमेरिकेपेक्षा अधिक लवचिक आहे. 'वापरलेले' अथवा 'वापरण्याचे योजिलेले' अशा दोन्ही प्रकारच्या चिन्हांसाठी कलम १८ अन्वये अर्ज करता येतो आणि वापर सुरू झाल्याचे दाखविल्याशिवायही नोंदणी मिळते. आधीपासून वापर असल्याचा दावा केला तर मात्र २०१७च्या नियमांनुसार प्रतिज्ञापत्र व पुरावे द्यावे लागतात. व्यक्ती, नवउद्योग व लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये शुल्क आहे.

वापराची भारतीय व्याख्याही रुंद आहे. मालाशी चिन्हाचा संबंध भौतिक किंवा 'अन्य कोणत्याही' प्रकारचा असला तरी चालतो, आणि सेवेच्या बाबतीत सेवा उपलब्ध असल्याच्या निवेदनातील वापरही वापर ठरतो. माल बाजारात नसतानाही जाहिरातीसारखा वापर गणला जाऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने हार्डी ट्रेडिंग विरुद्ध ॲडिसन्स पेंट (२००३) या प्रकरणात मान्य केले. जे पान अमेरिकेत केवळ जाहिरात ठरेल, त्याला येथे अधिक वजन येण्यास वाव आहे.

तथापि नोंदणी सोपी आहे म्हणून ती सर्वश्रेष्ठ आहे असे नव्हे. भारतीय न्यायालयांनी आधीच्या वापरकर्त्याला सातत्याने वरचे स्थान दिले आहे. मोनार्क या नावावरून झालेल्या कन्सॉलिडेटेड फूड्स विरुद्ध ब्रँडन या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९६०च्या दशकातच, वापरातील अग्रक्रम हा नोंदणीतील अग्रक्रमापेक्षा श्रेष्ठ होय आणि वापर किती काळ वा किती मोठ्या प्रमाणावर झाला हे गौण होय, असे म्हटले होते. कलम ३४ मध्ये हेच तत्त्व ग्रथित आहे. सर्वोच्च न्यायालयाचा निऑन लॅबोरेटरीज विरुद्ध मेडिकल टेक्नॉलॉजीज (२०१५) हा निर्णय तर लोकवर्गणीतील प्रवर्तकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. निऑनने १९९२ मध्ये औषधाच्या नावासाठी अर्ज केला, नोंदणी २००१ मध्ये मिळाली, पण औषध बाजारात आले ते २००४ मध्ये. दरम्यान दुसऱ्या पक्षाने १९९८ पासून मिळत्याजुळत्या नावाचे औषध विकण्यास सुरुवात केली होती. नोंदणीचा अर्ज आधीचा असूनही अंतरिम मनाई आधी बाजारात आलेल्याच्या बाजूने कायम राहिली. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या नावाच्या वादातही आधीचा वापर नोंदणीहून वरचढ ठरला.

परदेशी मोहिमेत प्रसिद्ध झालेल्या नावाला भारतात संरक्षण मिळते का, याचे उत्तर दोन निर्णयांच्या दरम्यान आहे. व्हर्लपूल प्रकरणात (१९९६) कंपनीची यंत्रे येथे सर्रास विकली जात नव्हती. तरी परदेशी नियतकालिकांतील जाहिरातींमुळे नाव येथील ग्राहकांस परिचित होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते राखले. टोयोटाच्या प्रायस प्रकरणात (२०१७) उलट झाले. मोटार जपानात १९९७ मध्ये आली होती आणि जगभर गाजत होती, पण दिल्लीतील एका सुटे भाग बनविणाऱ्या व्यवसायाने ते नाव २००१ पासून वापरण्यास सुरुवात केली, तेव्हा भारतीय बाजारपेठेत त्या मोटारीची पुरेशी ख्याती होती हे कंपनीस दाखविता आले नाही. जगातील प्रसिद्धी पुरेशी नाही, भारतातील प्रसिद्धी दाखवावी लागते. त्यामुळे किकस्टार्टरवर गाजलेल्या वस्तूच्या प्रवर्तकास येथे दावा करताना भारतातील वर्गणीदार व ग्राहक किती, हेच प्रथम सांगावे लागेल. भारतातील प्रवर्तकास परदेशी जावयाचे असेल तर येथील अर्जाची तारीख पॅरिस करारानुसार सहा महिने इतर सदस्य देशांत राखता येते. जुलै २०१३ पासून भारत माद्रिद व्यवस्थेचा सदस्य असल्याने एकाच अर्जाद्वारे अनेक देशांत नोंदणी मागण्याची सोयही आहे.

युरोप व चीन

युरोपीय संघात नोंदणीसाठी वापराची अट नाही. नोंदणीनंतर पाच वर्षांत खरा वापर व्हावा लागतो. मिनिमॅक्स या अग्निशामकांच्या चिन्हावरील अन्सूल निर्णयात (२००३) युरोपीय न्यायालयाने खरा वापर म्हणजे काय हे सांगताना, बाजारात आलेल्या मालाबरोबरच लवकरच येऊ घातलेल्या आणि ग्राहक मिळविण्यासाठी जाहिरातमोहीम सुरू असलेल्या मालाचाही समावेश केला. लोकवर्गणीच्या मोहिमेला हे वर्णन जवळपास तंतोतंत लागू पडते.

चीनमध्ये आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क, असा नियम आहे. जगातील पुष्कळशी लोकवर्गणीची उत्पादने तेथेच बनतात, त्यामुळे मोहीम गाजू लागताच ते नाव तेथे तिऱ्हाइताने नोंदवून ठेवण्याचा धोका असतो. वापरण्याचा इरादा नसताना वाईट हेतूने केलेले अर्ज फेटाळण्याची तरतूद १ नोव्हेंबर २०१९ पासून लागू झाली आहे. केवळ निर्यातीसाठी बनविलेल्या मालावर चिन्ह लावणे हा तेथे वापर होतो की नाही, याविषयी तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एक आणि होंडा प्रकरणात २०१९ मध्ये दुसरीच दिशा धरली. नंतरच्या निर्णयानुसार तो वापर ठरू शकतो. म्हणजे आपलेच नाव छापलेला आपलाच माल चिनी कारखान्यातून बाहेर पडताना दुसऱ्याच्या नोंदणीचा भंग करणारा ठरण्याची शक्यता आहे.

वस्तू न पोचलेली चिन्हे

२०१४ साली कूलेस्ट कूलर या बहुउपयोगी शीतपेटीच्या मोहिमेत ६२,६४२ वर्गणीदारांकडून एक कोटी बत्तीस लाखांहून अधिक डॉलर जमले. उत्पादनखर्चाचा अंदाज चुकला. हजारो वर्गणीदार वाट पाहत असताना कंपनीने नोव्हेंबर २०१५ मध्ये तीच पेटी ॲमेझॉनवर अनोळखी ग्राहकांना जादा किमतीस विकण्यास सुरुवात केली. उर्वरित पेट्या बनविण्यासाठी पैसा उभा करावयाचा, असा कंपनीचा खुलासा होता. वर्गणीदारांचा संताप समजण्यासारखा होता. मात्र व्यापारचिन्हाच्या कायद्याला वचनभंगाशी कर्तव्य नाही. ॲमेझॉनवरील ती विक्री हा चिन्हाचा निर्दोष वापरच होता. डिसेंबर २०१९ मध्ये कंपनी बंद पडली तेव्हा सुमारे वीस हजार वर्गणीदारांना काहीही मिळाले नव्हते. वेल्समधील झॅनो या लहान ड्रोनसाठी तेवीस लाख पौंड जमवून त्याची कंपनी नोव्हेंबर २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. फार थोड्या वर्गणीदारांना ड्रोन मिळाले.

अशा वेळी वर्गणीदारांस दाद मागावी लागते ती ग्राहक संरक्षणाच्या कायद्याखाली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने लोकवर्गणीसंबंधी पहिली कारवाई जून २०१५ मध्ये केली. ती एका पटावरील खेळासाठी जमविलेली एक लाख बावीस हजारांवर डॉलरची रक्कम अन्यत्र खर्च करणाऱ्या प्रवर्तकावर होती. तो खेळ पुढे दुसऱ्या प्रकाशकाने हाती घेतला आणि वर्गणीदारांना स्वतःच्या खर्चाने पोचता केला.

चिन्हाचे पुढे काय होते, हा निराळा प्रश्न. अमेरिकेत सलग तीन वर्षे वापर न झाल्यास चिन्ह सोडून दिले असे प्रथमदर्शनी मानले जाते. भारतात नोंदणीनंतर सलग पाच वर्षे व त्यावर तीन महिने वापर नसेल तर कलम ४७ अन्वये ते काढून टाकण्याची मागणी करता येते. पेबलच्या कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये कामकाज थांबविले व तिची मालमत्ता फिटबिटने घेतली. घड्याळांना लागणाऱ्या इंटरनेट सेवा ३० जून २०१८ रोजी बंद झाल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये फिटबिट गूगलकडे गेली. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलची प्रणाली सर्वांसाठी खुली केली. त्यानंतर मूळ संस्थापक एरिक मिगिकोव्हस्की यांनी नवी घड्याळे जाहीर केली तेव्हा नाव त्यांच्याकडे नव्हते, म्हणून त्यांना 'कोअर टू डुओ' व 'कोअर टाइम टू' अशी नावे द्यावी लागली. जुलै २०२५ मध्ये पेबल हे चिन्ह परत मिळाल्याचे त्यांनी जाहीर केले आणि घड्याळांची नावे बदलून 'पेबल टू डुओ' व 'पेबल टाइम टू' अशी करण्यात आली.